दंतकथेतून निसटलेली दोरी

हॅरी हुडिनी या विख्यात जादूगाराची एक कथा विसाव्या शतकात फार लोकप्रिय झाली. डेट्रॉइट नदी गोठलेली. हातांत बेड्या घालून हुडिनी बर्फातल्या भोकातून पाण्यात उतरतो. प्रवाह त्याला दूर ओढून नेतो. बर्फ आणि पाणी यांमधल्या हवेच्या पातळ थरावर श्वास घेत तो भोक शोधतो आणि अखेर वर येतो. ही कथा तो स्वतःच रंगवून सांगे. १९५३च्या ‘हुडिनी’ चित्रपटाने तिला पडद्यावरही आणले.

प्रत्यक्षात २७ नोव्हेंबर १९०६ रोजी त्याने बेल आइल पुलावरून उडी घेतली, तेव्हा नदी गोठलेली नव्हती. आणि त्याला शंभर फुटांहून लांब दोरी बांधलेली होती, असे तत्कालीन वृत्तपत्र सांगते. दंतकथेने बर्फ आणला आणि दोरी काढून टाकली. दोरी असली, की नायक एकटा उरत नाही.

बर्फाखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांचे प्रशिक्षण मात्र या दोरीपासूनच सुरू होते. ती हवेच्या टाकीला नव्हे, अंगावरच्या पट्ट्यांना बांधतात. टाकी उतरवावी लागली, तरी दोरी सुटू नये. दुसरे टोक वर पक्के केलेले असते आणि दोरी काठावरच्या सहकाऱ्याच्या हातात असते. तिला दिलेले ठरावीक हिसके हीच दोघांची भाषा. शेजारी आणखी एक पाणबुड्या, अधिक लांब दोरीसह, सज्ज बसतो. श्वासातली वाफ गोठून रेग्युलेटर बिघडू नये, म्हणून त्यातून पहिला श्वास पाण्याखाली गेल्यावरच घ्यायचा. भोकाभोवतीचे हिम चाकाच्या आऱ्यांसारखे खरवडतात. त्या उजळ रेघा खालून वाट दाखवतात.

आणि दोरी सुटलीच तर? भोक आणि दोरी दोन्ही दिसेनाशी झाल्यावर शोधत भटकायचे नाही. वर बर्फापाशी येऊन, शरीर उभे ठेवून थांबायचे. बचावासाठी उतरलेला पाणबुड्या त्याच्याही पलीकडे जातो आणि ताणलेल्या दोरीने बर्फाखाली वर्तुळ काढतो. दोरी हरवलेल्यापर्यंत येऊन पोचते. सर्वांत अवघड धडा हाच असावा: भीती हातपाय मारायला सांगत असताना दुसऱ्यावर विसंबून स्थिर राहणे.

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो येथे, उणे १.८ अंशांच्या नितळ पाण्यात, संशोधक अनेकदा अंगाला दोरी न बांधता उतरतात. पण तिथेही भोकातून दिवे आणि निशाणे लावलेली एक दोरी खाली सोडलेली असते.

साहसकथा शिकताना वा शिकवताना म्हणूनच एक प्रश्न विचारून पाहावा: दोरी कोणाच्या हातात होती, आणि कथेने त्याला का वगळले?