मागे बघू नकोस

सायकल शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या स्मरणात एक वाक्य असते : ‘मागे बघू नकोस, पुढे बघ!’ तासावर भाड्याने आणलेली, आपल्या उंचीला न पेलणारी सायकल. कॅरिअर धरून मागून धावणारा थोरला भाऊ किंवा मामा. आणि हे वाक्य. त्यामागची युक्ती पुष्कळ उशिरा कळते. धरणाऱ्याने हात केव्हाच सोडलेला असतो. शिकणारा मागे वळून पाहतो, तिथे कोणी नाही हे त्याच्या ध्यानात येते आणि त्याच क्षणी तो पडतो. सायकलचे पहिले शिक्षण हे असे विश्वासाचे असते. मागे जे कोणी आहे, त्याच्यावर भार टाकून पुढे पाहायचे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, हात दाखवून उजवीकडे वळत असताना, मागून आलेल्या एका मोटरसायकलने मला पाडले. फार लागले नाही. परंतु भोवती जमलेल्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो मला : ‘मागे बघितलं नाहीत का?’ मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांसमोर मी निदान अर्धा मिनिट होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो एक क्षणही नव्हता. तरीही ‘पुढे बघितलं नाहीस का?’ असे त्याला कोणी विचारले नाही. तो प्रश्न पुढे बरेच दिवस मनात राहिला, आणि सायकलस्वाराने मागची वाहतूक पाहण्यासाठी आजवर जी साधने वापरली त्यांचा इतिहास मी त्या प्रश्नाच्या ओढीनेच वाचू लागलो. विषय वरवर पाहता क्षुल्लक, नाण्याएवढ्या आरशांचा. पण या इतिहासात प्रत्येक वळणावर एकच वाद उभा राहतो : पुढच्याने मागे पाहावे, की मागच्याने पुढे?

आपल्या भाषेत मागे पाहण्याला एक भारदस्त शब्द आहे, ‘सिंहावलोकन’. चालून आल्यावर सिंह थांबतो आणि मागे वळून वाट न्याहाळतो, अशी त्यातली कल्पना. सायकलस्वाराची अडचण अशी की त्याला थांबता येत नाही. दोन चाकांचा तोल गतीवर आणि हँडलच्या बारीक हालचालींवर अवलंबून असतो. मान वळवली की खांदा वळतो, खांद्यामागून हात जातो आणि हातामागून हँडल. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून मागचे पाहायचे तर उजव्या खांद्यावरून पाहावे लागते. आणि नवखा सायकलस्वार तसे पाहू लागला की त्याची सायकल उजवीकडेच, म्हणजे ज्या वाहनाचा तो अंदाज घेतो आहे त्याच्याच वाटेत सरकते. शिवाय ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार एका सेकंदात ५ मीटर अंतर कापतो. म्हणजे मागे टाकलेल्या एका दृष्टिक्षेपाची किंमत पुढचा ५ मीटर न पाहिलेला रस्ता.

सायकलला तिच्या बाल्यावस्थेत हौसेने लोखंडी घोडा म्हटले गेले. या रूपकात एक उणीव होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला अगदी पाठीमागचा थोडासा भाग सोडला तर जवळजवळ चहूकडचे दिसते. मागून येणाऱ्या गोष्टींनी तो बुजू नये म्हणून तर टांग्याच्या घोड्याला झापडे बांधावी लागतात. खऱ्या घोड्यावरच्या स्वाराला आपल्या डोळ्यांखेरीज वाहनाचेही डोळे असत. लोखंडी घोड्याने ते काढून घेतले.

आरंभी त्याचे कोणाला काही वाटले नाही, कारण मागून येण्यासारखे फारसे काही नव्हतेच. १८७० नंतरच्या इंग्लंडात रेल्वेने टपालगाड्यांची सद्दी संपवली होती आणि लांबचे रस्ते ओस पडले होते. उंच चाकाच्या सायकलीवरचा तरुण हा त्या रस्त्यांवरचा बहुधा सर्वांत वेगवान प्रवासी होता. मागून येणारा, दचकवणारा, ओलांडून जाणारा, तो तोच होता. म्हणून कायद्याने त्याच्याकडून जे मागितले तेही त्याच अपेक्षेने. ब्रिटनच्या १८८८ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने सायकलीला ‘वाहन’ हा दर्जा दिला. त्याचबरोबर रात्री पुढे दिवा लावावा आणि कोणाला ओलांडून जाताना घंटी किंवा शिटी वाजवून पुरेशी सूचना द्यावी, असे बंधन घातले. चालणाऱ्याने मागे पाहत चालावे असे कायदा म्हणाला नाही. ओलांडणाऱ्यानेच काळजी घ्यायची, हे तत्त्व त्यात स्वच्छ होते, आणि ते सायकलस्वाराच्या विरुद्ध लागू झाले होते ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मोटार आली आणि भूमिकांची अदलाबदल झाली. मागे पाहण्याचा आरसाही आधी मोटारीलाच मिळाला. मोटारशर्यतींत नाव कमावलेल्या डॉरथी लेव्हिट या इंग्रज महिलेने १९०९ साली स्त्री-चालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. गर्दीच्या रस्त्यावर मागचे दिसावे म्हणून हातातला लहान आरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून पाहावे, असे तिने त्यात सुचवले. शृंगाराच्या पेटीतला आरसा अशा रीतीने रस्त्यावर आला. दोनच वर्षांनी, १९११ च्या मे महिन्यात, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. इतर मोटारींत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागून कोण येते हे सांगणे हे त्याचे एक काम असे. रे हॅरूनने मात्र एकट्यापुरती मोटार नेली. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तेव्हा त्याने तिच्यावर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. या प्रसिद्ध कथेची शेपटी कमी प्रसिद्ध आहे : विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हते, असे हॅरूनने पुढे सांगितल्याचे नमूद आहे. हँडलला आरसा लावून खडीच्या रस्त्यावरून गेलेल्या कोणालाही हे पटेल.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश सायकलस्वारांनी जो लढा दिला, त्याला या इतिहासात मध्यवर्ती स्थान द्यायला हवे; आणि तो आरशासाठी नव्हता, मागच्या लाल दिव्याविरुद्ध होता. १८७८ साली स्थापन झालेला सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या लढ्यात आघाडीवर होता. आज हे वाचताना हसू येईल. स्वतःच्या सुरक्षिततेचे साधन कोणी नाकारते का? पण त्यांचा युक्तिवाद हसण्यासारखा नव्हता. मोटारचालकाने आपल्या दिव्याच्या प्रकाशात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने जावे. रस्त्यावर पादचारी असतो, चुकार गुरे असतात, पडलेले झाड असते, आणि त्यांपैकी कोणीही लाल दिवा लावत नाही. आज सायकलस्वारावर मागच्या दिव्याची सक्ती केली, तर उद्या तो दिवा नाही म्हणून त्याला चिरडणारा निर्दोष ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ते हळूहळू हरले. १९२७ च्या कायद्याने मागे लाल दिवा नाही तर निदान लाल परावर्तक आवश्यक ठरवला. १९३४ मध्ये मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आला. ज्या काळात हे सारे चालले होते, त्या काळात ब्रिटनमध्ये दरवर्षी हजाराहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मरत होते, आणि १९३० च्या कायद्याने मोटारींवरची सर्वसाधारण वेगमर्यादा उठवली होती. वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा येण्यास १९३५ साल उजाडावे लागले. १९३९ साली युद्धाच्या काळोख्या रात्री आल्या आणि त्यांच्याबरोबर मागच्या दिव्याची सक्तीही. १९४५ मध्ये युद्ध संपले. सक्ती कायम झाली.

मला हा लढा निव्वळ हट्टाचा वाटत नाही, पण त्यातले दुःख वेगळे आहे. सायकलस्वारांचे भाकीत खरे ठरले आणि दिव्यांनी जीवही वाचवले. तत्त्व आणि उपयोग असे दोन वाटांनी गेले की शहाण्या माणसानेही कुठे उभे राहावे हा प्रश्न पडतो.

आरशाचेही तसेच आहे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते-वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय कराराने सायकलीकडून ब्रेक, घंटी, पुढचा आणि मागचा दिवा व परावर्तक यांची अपेक्षा केली. म्हणजे सायकलस्वाराने थांबावे, ऐकू यावे, दिसावे; त्याने मागचे पाहावे यासाठी साधन कोणी मागितले नाही. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील आरशाची सक्ती नावाप्रमाणे मोटार वाहनांसाठी आहे. जर्मनीत ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साहाय्य देणाऱ्या विद्युत सायकलीला मात्र आरसा बंधनकारक आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने ती सायकल उरलेली नसते.

सायकलस्वाराने आरसा घेतला तो त्यामुळे स्वतःच्या भीतीने, आणि ही भीती निराधार नव्हती. केनेथ क्रॉस आणि गॅरी फिशर यांनी १९७७ साली अमेरिकेतील चार भागांतल्या ९०० हून अधिक सायकल-मोटार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जीव न गेलेल्या अपघातांपैकी सुमारे एक दशांशच मागून ओलांडणाऱ्या वाहनामुळे झालेले होते. प्राणघातक अपघातांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. मागून येणारी धडक क्वचित येते, पण आली की जीव घेऊन जाते.

आरसा हँडलच्या टोकाला लावता येतो, मनगटावर पट्ट्याने बांधता येतो, चष्म्याच्या काडीला किंवा हेल्मेटला अडकवता येतो. हँडलवरचा मोठा असतो पण थरथरतो. चष्म्यावरचा नाण्याएवढा असूनही डोळ्याजवळ असल्याने पुरेसे दाखवतो आणि मान किंचित हलवली की सारा मागचा रस्ता त्यातून सरकत जातो. मात्र सवय होईपर्यंत डोके दुखते. सपाट आरशात वाहन खऱ्या आकाराचे पण दृष्टीचा पल्ला अरुंद; बहिर्वक्र आरशात पल्ला रुंद, पण प्रतिमा लहान, आणि म्हणून दूर भासणारी. साहित्याला समाजाचा आरसा म्हणून आपण थकलो आहोत. हा आरसा तेवढा निष्ठावंत नाही. शिवाय मान वळवण्यात एक गोष्ट आहे जी आरशात नाही. वळलेली मान मागच्यालाही दिसते. ‘मी वळणार आहे, मी तुला पाहिले आहे’ असे ती सांगते. आरशात पाहणारा मुकाट्याने पाहतो.

भारतीय रस्त्यांनी या प्रश्नावर आपले उत्तर शोधले ते दृष्टीऐवजी कानाचे. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे त्या उत्तराचे सूत्र. मी मागे पाहणार नाही, तू आवाज दे. स्कूटर-मोटरसायकलींचे आरसे काढून ठेवण्याची पद्धतही याच श्रद्धेची. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने व्यापारी वाहनांवर ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, कारण त्यांनी हॉर्नच्या गोंगाटाला उत्तेजन मिळत होते. एक मात्र कबूल केले पाहिजे : १८८८ च्या ब्रिटिश कायद्यातले ओलांडणाऱ्याने सूचना देण्याचे तत्त्व आपण कर्कशपणे का होईना जिवंत ठेवले होते. फरक एवढाच की घंटी ‘सावध राहा’ म्हणत असे आणि हॉर्न ‘बाजूला हो’ म्हणतो.

सर्वांत नवे साधन पाहत नाही आणि ऐकतही नाही. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथील एका लहान कंपनीने सायकलसाठी मागचा रडार तयार केला. गार्मिनने ती कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये ‘व्हारिया’ या नावाने रडार बाजारात आणला. सीटखाली बसवलेले हे उपकरण सुमारे १४० मीटरवरून येणारे वाहन ओळखते. सायकल ताशी १८ आणि मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर दोघांतले अंतर सेकंदाला १० मीटरने घटते. म्हणजे सायकलस्वाराला चौदा सेकंद आधी कळते. चौदा सेकंद पुष्कळ असतात. पण येणारा चालक रस्त्याकडे पाहतो आहे की हातातल्या फोनकडे, आणि तो हातभर अंतरावरून जाणार की वीतभर, हे रडारला सांगता येत नाही. नेमके तेवढेच सायकलस्वाराला हवे असते.

ते उत्तर यंत्राकडून येण्यासारखे नव्हते. ते नियमाकडून आले. विस्कॉन्सिन राज्याने १९७३ साली सायकलला ओलांडताना निदान ३ फूट अंतर राखण्याचा कायदा केला. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर २ मीटर हे अंतर नियमात लिहिले. २०२२ मध्ये ब्रिटनची वाहतूक-संहिता सुधारली गेली तेव्हा तिने दीड मीटरचे अंतर तर सांगितलेच, पण त्याआधी एक तत्त्व मांडले : ज्याच्या हातून सर्वाधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी सर्वांत मोठी. १८८८ मध्ये घंटीच्या रूपाने जे तत्त्व सायकलस्वारावर लादले गेले होते आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान ज्यासाठी सायकलस्वार भांडले होते, ते अखेर शब्दांत उतरले. रस्त्यावर ते किती उतरले, हे ज्याचा त्याने आपल्या डाव्या-उजव्या हाताने मोजावे.

माझ्या हँडलला आता आरसा आहे. त्या संध्याकाळनंतर आठवड्याभरात मी तो बसवला. जमलेल्या मंडळींचा प्रश्न अन्यायाचा होता असे मी आजही मानतो, आणि तरी रोज निघताना तो आरसा पुसतो. शेजारच्या मुलीला मैदानावर सायकल शिकवताना मात्र, कॅरिअर धरून धावता धावता, तोंडातून तेच जुने वाक्य गेले. हात सोडल्यावरही मी बराच वेळ तिच्या मागे धावत होतो.