रकाना आणि शेरा

कागदावरच्या सरकारी नमुन्यात शेवटचा रकाना बहुधा ‘शेरा’ हा असे. सातबाराचा उतारा हाताळलेल्या वाचकांना तो आठवत असेल. इतर रकान्यांत जे बसत नसे, त्याला तेथे जागा मिळे. संकेतस्थळावरील अर्जात हा रकाना क्वचितच आढळतो. तेथे प्रत्येक रकान्याला अटी जोडलेल्या असतात : अमुकच अक्षरे, अमुकच लांबी, रिकामा सोडता येणार नाही. संगणकाच्या परिभाषेत याला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. आपण पडताळणी म्हणू. तंत्रज्ञांचा म्हणून सोडून दिलेला हा विषय वस्तुतः प्रशासनाचा आहे, हे मला एका चुकीतून कळले.

एका कार्यालयात असताना ऑनलाइन अर्जाचा नमुना ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. पहिले नाव, मधले नाव व आडनाव असे तीन रकाने मी केले आणि पहिला व तिसरा अनिवार्य ठरविला. मराठी माणसाला यात खटकण्याजोगे काही नव्हते. तामिळनाडूतील एका अर्जदाराला मात्र आडनावच नव्हते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढेच. अर्ज पुढे सरकेना, म्हणून त्यांनी आडनावाच्या जागी स्वतःचेच नाव पुन्हा लिहिले. पुढे छाननीत ‘कागदपत्रांशी नाव जुळत नाही’ म्हणून तो अर्ज फेटाळला गेला. त्यांचे पत्र माझ्या टेबलावर आले तेव्हा मुदत उलटून गेली होती. आम्ही तो रकाना ऐच्छिक केला. त्यांचे गेलेले वर्ष परत देता आले नाही.

पडताळणीचा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली. प्रगणकाच्या तक्त्यात वयाचा रकाना होता, पण आपले नेमके वय कोट्यवधी लोकांना ठाऊक नव्हते. परिणामी शून्य व पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी झाली, आणि पुढील जनगणनांतही ती दिसत राहिली. आपल्याकडे जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. संगणकाच्या दृष्टीने ही तारीख निर्दोष आहे. पडताळणी उत्तराचा आकार पाहते, सत्यता नव्हे, हा यातील पहिला धडा.

आकाराची पडताळणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड हे उत्तम उदाहरण. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या व दुर्बोध हस्ताक्षर यांवर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. पहिला अंक विभाग दाखवितो व तो कधीही शून्य नसतो. ९ हा अंक लष्करी टपालासाठी राखलेला आहे. पुढे ‘आधार’मध्ये याहून सूक्ष्म योजना आली. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे ज्याचे वाटप सुरू झाले, त्या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या या पद्धतीने एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक तत्काळ कळते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पिनकोड वा आधार क्रमांक शासनाने निर्माण केला. त्याचे नियम शासनास पूर्ण ठाऊक आहेत. माणसाचे नाव, जन्मतारीख वा कुटुंब शासनाने निर्माण केलेले नाही. तेथे कडक अट घालणे म्हणजे आपले अज्ञान दुसऱ्यावर लादणे होय. ‘आधार’च्या रचनाकारांनी हे ओळखले होते : नेमकी तारीख ठाऊक नसेल तर केवळ जन्मवर्षही चालत असे.

इतरत्र ही जाण उशिरा आली. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ हा तिसरा पर्याय आला आणि ४,८७,८०३ व्यक्तींची त्याखाली नोंद झाली. पारपत्राच्या अर्जात आई वा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे, असा बदल डिसेंबर २०१६ मध्ये झाला. एकल मातेच्या अपत्यास पॅनच्या अर्जात वडिलांचे नाव देण्याची सक्ती डिसेंबर २०१८ पासून उठली. ही माणसे आधीही होतीच.

माहिती अधिकाराच्या २०१२ च्या नियमांत एक मार्मिक शब्द आहे. अर्ज ‘सर्वसाधारणपणे’ ५०० शब्दांहून मोठा नसावा, असे ते म्हणतात; आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून तो फेटाळू नये, असेही लगेच सांगतात. आपल्या कायद्यांत ‘सर्वसाधारणपणे’, ‘शक्यतो’ असे शब्द जागोजागी भेटतात. रकान्याच्या अटीत मात्र त्यांना जागा नसते. नियम संगणकावर चढविताना हाच शब्द प्रथम गळतो आणि तो गळल्याची नोंद कोणत्याही फायलीत होत नाही.

कागदाचा काळ सुखाचा होता असे मी म्हणणार नाही. ‘शेरा’ लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर अनेकांचे भवितव्य अवलंबून असे. संगणक निदान तोंड पाहून अट बदलत नाही. पण कारकुनाशी वाद घालता येत असे, वरिष्ठांकडे जाता येत असे. लाल अक्षरांतील सूचनेपुढे नागरिक एकटा असतो, आणि जो अर्ज दाखलच झाला नाही त्याची आकडेवारीही कोणाकडे नसते.

म्हणून रकाना अनिवार्य करण्यापूर्वी मी आता तीन प्रश्न विचारतो. ही माहिती कोणत्या नियमाने लागते? ती नसलेला माणूस असू शकतो का? आणि असल्यास त्याने काय लिहावे? तिसऱ्याचे उत्तर सापडत नसेल, तर एक ‘शेरा’ ठेवावा आणि तो वाचणारा माणूसही नेमावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नकोच. मधल्या नावात वडील आणि ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात पुन्हा वडील, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. आपला अर्ज निदान पुढे सरकतो, एवढाच काय तो फरक.