कातडीपासून हाडापर्यंत

खाजेसाठी लावलेल्या मलमाने खुब्याचं हाड निकामी होऊ शकतं असं कुणी म्हटलं, तर आधी हसूच येईल. मलम कातडीला, हाडाचा काय संबंध?

गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. आठवड्याभरात बाई चक्क बाजारात खरेदीला गेल्या! १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेलही मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसायला लागली होती: सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं.

मग त्वचारोगवाल्यांनी विचार केला, औषध पोटात घ्यायचंच कशाला, वरून लावू. कॉर्टिसोन चोळून काही झालं नाही, कारण शरीरात त्याचं आधी हायड्रोकॉर्टिसोन व्हावं लागतं आणि ते काम मुख्यतः यकृताचं. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनच लावलं, आणि इसब आटोक्यात आला. पुढे बीटामेथासोन, क्लोबेटासोल असे एकापेक्षा एक जहाल भाऊबंद आले.

कातडी म्हणजे फायरवॉल, असा एकंदर भरवसा होता. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी तो तपासला. किरणोत्सारी खूण केलेलं हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर वेगवेगळ्या जागी लावून लघवीत किती उतरतं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून १ धरलं, तर कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि वृषणाच्या कातडीतून तब्बल ४२. (आपल्याकडे गजकर्णाची ट्यूब लोक नेमकी कुठे लावतात, ते सांगायला नको.) वरून पट्टी बांधली तर शोषण आणखी वाढतं.

रक्तात पोचलं की स्टेरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना थंड करतं. खुब्याच्या गोळ्याला रक्तपुरवठा मुळातच तोकडा. तो तुटला की हाड मरतं, खचतं आणि कधी कधी सांधाच बदलावा लागतो. नुसत्या मलमाने असं होणं अगदी दुर्मिळ, आणि त्यामागे बहुधा जहाल मलमाचा वर्षानुवर्षांचा सढळ वापर असतो. हाडं ठिसूळ होण्याचा हिशोब मात्र २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या सात लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून मांडला गेला. जहाल मलमाचा एकूण डोस दुप्पट झाला की धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकडा लहान आहे. डॉक्टरांनी दिलेलं मलम घाबरून मध्येच सोडू नये. माझा राग आहे तो 'गोरं करणारी' म्हणून वर्षभर तोंडाला फासल्या जाणाऱ्या ट्यूबवर.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरी घरातल्या औषधांच्या डब्यातली ती अर्धी पिळलेली ट्यूब एकदा काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसतंय का?