मीटरची केबल ते मीटरचं कुलूप

मंडळी, कारचा बंद पडलेला मीटर घरी उघडून दुरुस्त होतो का, असं हल्ली बरेच जण विचारतात. होतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा का होत नाही, त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झे यांनी स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, त्यात वीज नव्हतीच. गिअरबॉक्समधून आलेली केबल फिरायची, तिच्या टोकाला लोहचुंबक, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी आणि वाटीला काटा. चुंबक वाटीला शिवत नाही, तरी फिरता फिरता तिला ओढतो. बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा थांबेल तो वेग. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या, कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीतही केबलच होती. काटा थरथरला की केबल काढायची, पुसून ग्रीस लावायचं, परत बसवायची. तुटली तर नवी. आपल्या कोरेगावचा मिस्त्री हे झाडाखाली बसून करायचा. (आकडे मागं फिरवून देणारेही त्याच झाडाखाली सापडायचे, तेही सांगितलं पाहिजे.)

मग केबल गेली, सेन्सर आला. आता काट्यामागं इवलीशी मोटर असते आणि तिला हुकूम गाडीतला कॉम्प्युटर देतो. बॅटरीची वायर सोडून मीटर बाहेर काढला, तर सुटलेल्या जोडाला डाग देता येतो, गेलेला दिवा बदलता येतो. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचा हात असला की झालं. पण किलोमीटरचा आकडा चिपमध्ये बसलाय. दुसरा मीटर आणून लावला तर बऱ्याच गाड्या त्याला ओळखच देत नाहीत. ती ओळख पटवायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या वर्कशॉपात. म्हणजे गाठा सातारा, नाहीतर पुणे.

हे दुखणं दिल्लीतही पोचलं होतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप हाच, की सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू देत नाहीत. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. सक्तीचा कायदा मात्र सोबत आला नाही.

आकडा कुणी फिरवू नये म्हणून कुलूप हवं, हे कंपन्यांचं म्हणणं मला पटतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम म्हणतो, गाडीला वेग दाखवणारा मीटर पाहिजेच. मीटर चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आणि किल्ली कंपनीच्या खिशात, हा कुठला न्याय?

तोवर एक करा. मीटर बदलून घ्याल तेव्हा जुन्या मीटरचा आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.