तर्काचे बीजगणित आणि दूरध्वनीची कळ

संगणकाच्या इतिहासाचा आरंभ जॉर्ज बूल या आंग्ल गणितज्ञापासून करण्याची प्रथा आहे. बूलने तर्काचे बीजगणित निर्माण केले, क्लॉड शॅननने ते विद्युन्मंडलांना लावले आणि त्यातून आधुनिक गणकयंत्र सिद्ध झाले, असा वंशवृक्ष पाठ्यपुस्तकांतून आढळतो. त्यातील नावे खरी आहेत. त्यांना जोडणारी रेषा मात्र इतकी सरळ नाही. बूलचा मुख्य ग्रंथ १८५४ चा, तर शॅननचा निबंध १९३८ चा. मधल्या ८४ वर्षांचा उलगडा केल्यावाचून हा इतिहास समजला असे म्हणता येणार नाही.

बूलचे प्रयोजन यंत्ररचनेचे नव्हते; मानवी विचाराचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडण्याचे होते. पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या तरी वर्ग तोच राहतो; म्हणून क × क = क. सामान्य अंकगणितात हा नियम केवळ ० आणि १ हेच पाळतात. परंतु बेरजेच्या बाबतीत बूलने एक मर्यादा घातली होती : ज्या वर्गांत समाईक घटक नाहीत, त्यांचीच बेरीज करावी. १८६४ साली जेव्हन्सने ही मर्यादा दूर केली आणि क + क = क हा नियम स्वीकारला. विजेच्या कळांना हाच नियम लागू पडतो. समांतर जोडलेल्या दोन्ही कळा मिटलेल्या असल्या, तरी मार्ग दुप्पट मोकळा होत नाही. तो केवळ मोकळा असतो. सारांश, पुढे यंत्राच्या उपयोगी पडले ते बीजगणित बूलचे जसेच्या तसे नव्हते. उत्तरकालीन तर्कशास्त्रज्ञांनी दुरुस्त केलेले होते.

तर्क आणि कळ यांचे साम्य कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, असेही नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने १८८६ मध्ये आपला शिष्य ॲलन मार्क्वंड यास लिहिलेल्या पत्रात, कळांची एकसर जोडणी म्हणजे ‘आणि’ व समांतर जोडणी म्हणजे ‘अथवा’, हे आकृती काढून दाखविले होते. पत्र खाजगी होते. त्या काळी ते अप्रकाशितच राहिले. शिवाय पहिले स्वयंचलित दूरध्वनी-केंद्र अमेरिकेतील ला पोर्ट येथे सुरू झाले ते १८९२ साली. तेव्हा पर्सच्या सूचनेची निकड भासावी अशी यंत्रणाच १८८६ मध्ये अस्तित्वात नव्हती. १९१० साली पॉल एरेनफेस्टने कूतुराच्या तर्कबीजगणितावरील ग्रंथाच्या रशियन भाषांतराचे परीक्षण करताना, दूरध्वनी-केंद्राच्या जोडण्यांना हे शास्त्र लावता येईल असे सुचविले. ती सूचनाही तशीच राहिली.

१९३० नंतर परिस्थिती पालटली. दूरध्वनी-केंद्रांतील रिलेंची मंडले इतकी गुंतागुंतीची झाली, की केवळ अनुभवाच्या बळावर त्यांची रचना करणे कठीण होऊ लागले. मग एकाच दशकात तीन देशांत तीच कल्पना स्वतंत्रपणे प्रकट झाली. जपानमध्ये अकिरा नाकाशिमाने रिलेंच्या अभ्यासातूनच अशी पद्धती बसविली. तिचे बूलच्या बीजगणिताशी असलेले ऐक्य त्याला नंतर उमगले. रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्हचे विवेचन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. शॅननने मिशिगन विद्यापीठात तर्कशास्त्राचा परिचय करून घेतला होता आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत रिलेंचा. त्याने संदर्भासाठी उल्लेखिलेल्या ग्रंथांत कूतुराचाही ग्रंथ आहे. मंडलातील अनावश्यक संपर्क समीकरणे सोडवून कमी कसे करावेत, हे त्याने दाखविले आणि द्विमान संख्यांची बेरीज करणारे मंडलही रचून दिले.

तथापि बेरीज करणारे मंडल म्हणजे संगणक नव्हे. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रास नवे गणित द्यावयाचे म्हणजे तारा व कळा नव्याने जुळवाव्या लागत. आज्ञा याही संख्याच आहेत, म्हणून त्या स्मृतीत साठविता येतात, या कल्पनेने ती अडचण दूर केली. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. अक्षरे व दशमान अंक यांत लिहिलेल्या आज्ञा कागदी फितीवरून वाचून त्यांचे द्विमान रूपांतर करावयाचे, हे काम डेव्हिड व्हीलरने रचलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा करीत. त्या आज्ञा कायमच्या जडविल्या होत्या दूरध्वनी-केंद्रातील निवडक-कळांवर. यंत्र सुरू करताना त्या तेथून स्मृतीत उतरत. आज्ञावली कोठे संपते आणि यंत्र कोठे सुरू होते, याची सीमा निसर्गाने आखलेली नाही, हे येथे स्पष्ट दिसते. रचनाकार आपल्या सोयीने ती आखतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, कल्पना सुचणे आणि तिची गरज निर्माण होणे या भिन्न घटना आहेत. पर्स आणि एरेनफेस्ट यांच्याजवळ पहिली होती, दुसरी नव्हती. दोन, तर्कशास्त्र, मंडलरचना आणि आज्ञावलीशास्त्र हे विषय आपण वेगवेगळ्या वर्गांत शिकवीत असलो, तरी त्यांचा इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही. तसा लिहिला, की बूलपासून शॅननपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो आणि दूरध्वनीची कळ विस्मृतीत जाते.