जानेवारीची प्रदर्शनं आणि मृगाचे कंद

उस्मानपुऱ्यात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही वस्तीत कंदाची फुलं म्हटली की ग्लॅडिओलस आठवतो, हौस जरा जास्त असेल तर ट्युलिप. दख्खनचे स्वतःचे कंद कुणाला आठवत नाहीत. त्याला इथली जमीन जबाबदार नाही. दोष पुष्पप्रदर्शनांच्या तारखांचा आहे. 1830 साली स्थापन झालेली ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आजही जानेवारीत प्रदर्शन भरवते. थंडीत फुलणारं ते बक्षिसाचं, हा हिशेब त्यातून रुळला. रानकांदा मात्र चैत्र-वैशाखात, पान फुटण्याआधी, कोरड्या जमिनीतून नुसता दांडा वर काढतो. नागदवण्याची पांढरी फुलं आणि कळलावीच्या ज्वाळा पावसाच्या आगेमागे येतात. परीक्षक येतात तेव्हा हे कंद जमिनीखाली झोपलेले असतात.

यावर कुणी म्हणेल, या शहराला तर मोगल बागांचा वारसा आहे. आहेच. 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने नहरीने पाणी खेळवलं, पुढे मकबऱ्याची चारबाग आणि हिमायत बाग झाली. पण नहर पाणी देते, गारवा नाही. ट्युलिपला फुलायला सुमारे 12 ते 16 आठवडे 9 अंशांच्या आसपासची थंडी लागते. इथे ऐन पौषातही रात्रीचा पारा सरासरी 10-12 अंशांवरच थांबतो. उस्ताद मन्सूरने जहांगीरासाठी ट्युलिप रंगवला तो काश्मीरचा. फ्रिजमध्ये गारवलेला कंद इथे एकदा फुलेलही, पण पुढच्या वर्षासाठी त्यात बहुधा काही उरत नाही. (हौसेला मोल नसतं, हे खरं.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रानकांद्याचं फूल बारीक, मळकट आणि काही तासांचं, शिवाय कंद विषारी. मान्य. पण रूपच निर्णायक असतं, तर निशिगंध कसा टिकला? तो मूळचा मेक्सिकोचा. तिथेही उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणून आपलं ऋतुचक्र त्याला परकं वाटलं नाही. एप्रिल-मेमध्ये लावलेला त्याचा कंद श्रावण-भाद्रपदात दांडे देऊ लागतो, आणि त्यांना हारवाले कुठल्याही परीक्षकाच्या शिफारशीशिवाय घेतात.