न्यायालयाची भाषा आणि एकट्या वकिलाची सचोटी
बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होते. हैदराबाद संस्थानात १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. त्यामुळे मराठी साक्षर शेतकऱ्यासही स्वतःचा दावा वा निकाल वाचणे कठीण होई. वकील सांगेल तोच त्याचा अर्थ. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वकिलाचे भांडवल म्हणजे हा विश्वास. फसवणुकीची संधीही तेथेच. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये झालेल्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरविण्यास मनाई केली. १९९८ मध्ये कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची मात्र इंग्रजीच राहिली. सारांश, कागद पक्षकारास यथार्थ समजावून सांगणे, हे वकिलाचे आद्य कर्तव्य अद्याप संपलेले नाही.